दुसऱ्या रांगेतलं हसू

६ जानेवारी

ताई,

नमस्कार आधी, भांडण नंतर. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, हे मला कळतं. तू मनातल्या मनात जे काही बोलली असशील ते इथवर पोचलं, तेव्हा परत कागदावर लिहू नकोस.

सोबत दोन पास आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी रेडिओवरच्या आमच्या ‘बिऱ्हाड नंबर नऊ’चं रेकॉर्डिंग लोकांसमोर होणार आहे. आजवर आम्ही बंद खोलीत बोलायचो आणि हसू मागाहून चिकटवायचे. आता आमच्या साहेबांनी डोक्यात घेतलंय की खरी माणसं समोर बसवायची, त्यांच्या डोक्यावर माईक टांगायचे आणि ताजं हसू पकडायचं. आम्ही सगळे घाबरलोय. चिकटवलेलं हसू कधी दगा देत नाही ना.

मी तोच, बहिरा आजोबा. कुणी काहीही म्हणो, माझं आपलं एकच, “तेच म्हणतो मी.” चोर विचारतो, कपाट नेऊ का, तर “तेच म्हणतो मी.” परवा बसमध्ये दोन बायका भांडत होत्या आणि कंडक्टर मध्ये पडून म्हणाला, “तेच म्हणतो मी.” सगळी बस हसली. तो माझ्याच शेजारी उभा होता आणि मला ओळखत नव्हता. आपल्या आजोबांची दोन पैशांची लकब, बघ, कुठल्या कुठे गेली.

एक पास तुझा, एक अप्पांचा. मी दुकान सोडून निघालो तेव्हा “लोकांसमोर तोंड वेडंवाकडं करून पोट भरत नसतं” असं म्हणाले होते. ते त्यांनी परत घ्यावं असं माझं म्हणणं नाही. त्यांनी फक्त एकदा माझ्या समोर बसून हसावं. गिऱ्हाइकांच्या फालतू विनोदांना हसलेले अप्पा मी लहानपणापासून पाहिलेत, माझ्यामुळे हसलेले कधी पाहिले नाहीत. तूच लिहितेस की ते एकही भाग चुकवत नाहीत, वेळ झाली की दुकानातला रेडिओ स्वतः लावतात. मग इथवर यायला काय हरकत आहे?

तू बोललीस तर ते येतील. तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत.

बारक्या

१४ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद देते, पण जरा हात आखडता घेऊन. महिनाभर पत्र नाही, आणि आलं ते काम घेऊनच.

पास मिळाले. ते मी शिवणाच्या डब्यात ठेवलेत, अप्पांना अजून दाखवले नाहीत. रागावू नकोस. त्यांचे गुडघे दुखतात, बसचा प्रवास मोठा आहे आणि गर्दीत त्यांना हल्ली सुधरत नाही. पुढे कधीतरी तूच दोन दिवस घरी ये, ते जास्त बरं. इथे बसून त्यांना काय ते करून दाखव.

आणि आणायचंच असेल त्यांना, तर त्या दिवशी तू दुसरं काही नाही का करू शकत? पोस्टमन कर, डॉक्टर कर. आजोबा नको. तू लहान होतास, तुला आठवत नसेल, पण लोक आजोबांना हसायचे तेव्हा अप्पांना ते सोसायचं नाही. आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं काम अप्पांनी जन्मभर केलं. एवढंच. जास्त अर्थ काढत बसू नकोस.

इकडची बातमी म्हणजे हेडमास्तरांची मिशी गेली. रिटायर झाल्यापासून त्यांच्याकडे तेवढंच एक जपण्यासारखं होतं. “नुसती कडेने सारखी करा” म्हणाले, अप्पा “हो हो” म्हणाले आणि वस्तरा फिरवून मोकळे झाले. हेडमास्तर आरशात बघतच राहिले. बाहेर पडताना तोंडावर रुमाल धरून गेले, कुणी मेल्यासारखे. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत नीट. लक्ष नव्हतं म्हणाले. वय झालं, दुसरं काय. हे कुणाला सांगत बसू नकोस.

माझं ठीक. खालच्या दुकानात केस पडतात आणि वर माझ्या मशीनखाली चिंध्या. झाडणारी मी एकटी.

ताई

२० जानेवारी

ताई,

हेडमास्तरांची मिशी वाचून माझा चहा सांडला. ज्या माणसाने मला फळ्यासमोर उभं करून वर्गाला हसवलं, त्याच्यावर देवाने बरोबर सूड उगवला.

आता रागावू नकोस. ती मी लिहून काढली. आजोबा एक दिवस नातवाचं सलून सांभाळायला बसतात, एक साहेब येतात, “नुसती कडेने” म्हणतात, “तेच म्हणतो मी,” आणि मिशी साफ. आमच्या साहेबांनी वाचलं आणि टेबलावर हात आपटून हसले. त्या शनिवारी हाच भाग. अप्पांना आपल्या दुकानाची गोष्ट ऐकून गंमत वाटेल. हेडमास्तरांचं नाव कुठे घेतलेलं नाही, तू निर्धास्त राहा.

शेवटी मी साहेबांच्या हातापाया पडून दोन मिनिटं मागून घेतलीत. सगळे निघून गेल्यावर आजोबा रिकाम्या खुर्चीशी बोलतात. विनोद नाही, एकही नाही. ताई, लोक मला माकड समजतात. साहेबही तेच समजतात. ही दोन मिनिटं जमली तर पुढे मला माणसाचं काम मिळेल.

आणि तू गुडघे, गर्दी वगैरे लिहितेस ना, त्यातलं खरं मला कळतं. अप्पांना माझी लाज वाटते. तुला ते लिहायला जड जातं म्हणून तू गुडघ्यांच्या आड लपतेस. वाटू दे लाज. पण तोंडावर येऊन सांगू देत.

पास त्यांना दे. नाही दिलास तर मी त्यांच्या नावाने दुकानावर तार करीन आणि सगळी गल्ली वाचेल.

बारक्या

३० जानेवारी

बारक्या,

तारेची गरज पडली नाही. अप्पांना बटण हवं होतं, त्यांनी शिवणाचा डबा उघडला. पास हातात घेऊन माझ्याकडे नुसतं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

येतायत. आणि कसे येतायत ते बघ. कोट उन्हात टाकून झाला. समोरच्या परटाकडून शर्ट दोनदा इस्त्री करून आणला, पहिल्यांदा कॉलर मनासारखी झाली नव्हती म्हणून. गल्लीतल्या दुसऱ्या सलूनवाल्याकडे जाऊन स्वतःचे केस कापून घेतले. उभ्या आयुष्यात त्याच्या पायरीवर चढले नव्हते. तो बिचारा घाबरून गेला. “मुलाकडे जायचंय, मागचे मला दिसत नाहीत,” म्हणाले.

मला बरोबर येऊ देत नाहीत. खूप भांडले. माझा पास घेऊन फाडून टाकला. म्हणतात, पोरानं बोलावलंय, मला काय वाट माहीत नाही? मी बसमध्ये बसवून देईन, पुढे तुझ्या हवाली.

माझं एक ऐक. का ते विचारू नकोस. रेकॉर्डिंगच्या आधी तू स्वतः त्यांना दारात भेट. समोर उभा राहून, त्यांच्याकडे बघून बोल. हात धरून खुर्चीवर नेऊन बसव. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. आणि मिशीची गोष्ट काढून टाकता आली तर काढ. कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं मी.

ताई

१० फेब्रुवारी

ताई,

झालं ते तुला अप्पांनी सांगितलंच असेल. आता माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र मिळालं होतं. पण आदल्या तासाला साहेबांनी आम्हाला माईकपाशी उभं केलं ते सोडलंच नाही. तेव्हा अप्पांना आत आणायला मी पास तपासणाऱ्या बाईंना सांगितलं. त्यांनी त्यांना दुसऱ्या रांगेत अगदी मध्ये बसवलं. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. काय रुबाबदार दिसत होते. मला बोलायला जायचं होतं, खरंच होतं.

हॉल म्हणजे साधाच. खुर्च्या, वर तारांना लोंबणारे माईक, समोर आम्ही पाच जण कागद तोंडापुढे धरून. पान संपलं की उलटायचं नाही, कारण आवाज होतो. ते तसंच गालिच्यावर सोडून द्यायचं. कडेला आमचा आवाजवाला, त्याच्याकडे नुसत्या चौकटीत बसवलेलं एक दार, पावलांच्या आवाजासाठी खडीचा ट्रे आणि वस्तऱ्याच्या खरखरीसाठी नारळाची करवंटी. लोक त्यालाच बघून अर्धे हसले.

मिशीवर हॉल फुटला. मी कागदावरून अप्पांकडे बघितलं. सगळे हसून होत आले तेव्हा ते हसले. दर वेळी तसंच. सगळ्यांचं संपत आलं की यांचं एकट्याचं, मोठ्याने, हा हा हा, आणि नेमकं वरच्या माईकमध्ये. तिसऱ्या वेळेला साहेबांनी काचेमागून मला खूण केली, हा कोण आहे म्हणून. मी खांदे उडवले. माझे वडील आहेत असं मी सांगितलं नाही.

मग माझी दोन मिनिटं आली. ताई, हॉल चिडीचूप होता. मी रिकाम्या खुर्चीशी बोलत होतो आणि मला कळत होतं की जमतंय. अप्पांच्या शेजारची बाई रुमालात तोंड घालून रडत होती. आणि त्याच क्षणी अप्पा हसले. पोट धरून हसले. सगळी रांग वळून बघायला लागली, मागची पोरं खिदळली, संपलं.

साहेबांनी थांबवलं. काचेमागून लाऊडस्पीकरवर सांगितलं, “दुसऱ्या रांगेतल्या आजोबांनी कृपा करून या जागी हसू नये, आपण परत घेतोय.” अप्पांनी काय करावं? मान डोलावली, हात वर केला, जसा काही त्यांचा सत्कार चाललाय. आम्ही परत सुरू केलं. आता लोकच ओठ दाबून बसले होते, खांदे हलत होते सगळ्यांचे. आणि परत तिथेच, हा हा हा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दुकान सोडलं ते आठ वर्षं मनात धरून ठेवलं आणि इतक्या लांब येऊन चारशे माणसांत माझ्या तोंडावर थुंकले. कोट घालून, केस कापून, तयारीने. मी कागद सोडला, माईकला तोंड लावलं आणि आजोबांच्या आवाजात त्यांच्याकडे बघून म्हणालो, “अहो दुसऱ्या रांगेतले, माझ्याहून बहिरे दिसता. येताना कुणाचे तरी कान मागून आणायचे होते.”

हॉल कोसळला. एवढं हसू मी जन्मात ऐकलेलं नाही. साहेब काचेमागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोन मिनिटं कापली, हेच ठेवलं. आणि सगळ्यांत शेवटी अप्पा हसले, माझ्याकडे बघून हात हलवला. किती मुरलेला माणूस आहे बघ.

मी मागच्या दाराने निघून गेलो. त्यांना सांग, फिट्टंफाट झाली.

बारक्या

१५ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. आता उत्तरही उभ्यानेच लिहिते, बसून सांगायला धीर होणार नाही.

अप्पांना ऐकू येत नाही. एका कानाने तर अजिबात नाही, दुसऱ्याने भांडं पडलं तर कळतं. तीन वर्षं होत आली. आजोबांचं जे झालं तेच, त्याच वयात.

दुकानात निभतं ते आरशामुळे. गिऱ्हाईक आरशात बघून बोलतं, अप्पा मागे उभे राहून आरशात त्याचे ओठ बघतात. दाढीचा ब्रश तोंडापाशी नेला की कुणी बोलतच नाही. बाकी हवापाणी, महागाई, पोरांची लग्नं, त्यात ऐकण्यासारखं असतं काय? “हो हो” म्हटलं की चालतं. हेडमास्तरांनी बोलताना मान खाली घातली होती, म्हणून मिशी गेली. तुझा रेडिओ लावतात तोही असाच. आवाज पूर्ण चढवतात आणि आरशात गिऱ्हाइकांची तोंडं बघत उभे राहतात. ते हसले की हे हसतात. एकही भाग चुकवत नाहीत असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं रे. पण पुरतं खरंही नव्हतं.

तुला का नाही सांगितलं? शपथ घातली होती मला. “तो आजोबांचं करून पोट भरतोय. त्याला कळलं तर त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही. चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस.” मला बरोबर नेलं नाही तेही त्यासाठीच. मी कानाशी बोलले असते, तुला कळलं असतं. माझी इकडे आड तिकडे विहीर झाली होती. शपथ मोडायला हवी होती, नाही मोडली, आणि वर मिशीची गोष्ट लिहून तुझ्या हातात कोलीत दिलं.

तिथे तुम्ही सगळे कागद तोंडापुढे धरून. माईक पुढे. एकाचेही ओठ त्यांना दिसले नाहीत. मग ते शेजारच्यांकडे बघून हसत राहिले, म्हणून उशिरा. आणि त्या बाईचं म्हणशील तर तेही त्यांनीच मला सांगितलं, हसत हसत: “माझ्या शेजारची बाई तर रुमालात तोंड घालून हसत होती. नुसती हलत होती. मग मीही मागे राहिलो नाही. पोराच्या कामाला हसायचं नाही तर मी गेलो कशाला?”

तुझ्या तोंडावर थुंकायला आला नव्हता तो माणूस.

तू त्यांना काय म्हणालास ते त्यांना कळलेलं नाही. तू कागद टाकलास, त्यांच्याकडे बघितलंस, त्यांना उद्देशून काहीतरी म्हणालास आणि सगळा हॉल आनंदला, एवढंच त्यांनी पाहिलंय. गल्लीभर सांगत सुटलेत. “काम थांबवून बोलला माझ्याशी. सगळ्यांसमोर.” परटाला सांगितलं, त्या दुसऱ्या सलूनवाल्याला सांगितलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी हे, मग कात्री.

दाराशी ते तुझी वाट बघत उभे होते. पहारेकरी काहीतरी म्हणाला. तो जा म्हणत असावा, यांना वाटलं थांबा म्हणतोय. शेवटची बस मिळाली ती नशिबाने. घरी येऊन म्हणाले, “कामात होता. मोठी माणसं असतात ती, भेटायला कुठे सवड.”

फिट्टंफाट म्हणालास. झाली का?

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं तो तुकडा काढा. म्हणाले वेडा आहेस का, वर्षातलं सगळ्यांत मोठं हसू आहे ते. मग मी सांगितलं, ते माझे वडील आहेत. त्यांना खरंच ऐकू येत नाही. साहेब म्हणाले, “लोकांना कुठे माहीत आहे?” वर म्हणाले, आणि तुलाही माहीत नव्हतं ना, मग वाईट कशाला वाटून घेतोस.

मला माहीत नव्हतं, हे मीही दिवसभर स्वतःला सांगतोय. त्याने काही होत नाही. ते माझ्याकडे बघून हात हलवत होते ते डोळ्यांपुढून जात नाही. मी रेडिओवर बहिऱ्याचं काम करतो, लोक म्हणतात काय निरीक्षण आहे, आणि बहिरा माणूस दुसऱ्या रांगेत बसला होता तो मला ओळखू आला नाही. स्वतःचा बाप.

आजोबांचं काम मी सोडतो म्हणून सांगितलंय. साहेब म्हणाले, सोड, आवाज काढणारे पुष्कळ मिळतात. तेही खरंच आहे.

अट्ठावीसला हा भाग लागणार. ताई, त्या दिवशी रेडिओ लावू देऊ नकोस. बिघडव, वायर काढ, दुकान बंद ठेव, काहीही कर. अप्पांना ऐकू येणार नाही, पण बाकीच्यांना येईल. अप्पांना पत्र लिहायला चार वेळा बसलो. यायचं म्हणशील तर मला यायला तोंड नाही. तू काहीतरी कर.

बारक्या

२ मार्च

बारक्या,

तू काहीतरी कर म्हणालास, मी केलं. सत्तावीसला रेडिओच्या आतली वायर कात्रीने कापली. अप्पांना आरशात कुणाचंच तोंड रेडिओकडे वळताना दिसेना, तेव्हा कळलं बंद आहे. मला वाटलं निभावलं. दुसऱ्या दिवशी ते चहावाल्याचा रेडिओ उसना घेऊन आले, चहावाल्यासकट.

सगळ्यांना बोलावलं होतं. परीट, तो दुसरा सलूनवाला, वरच्या मजल्यावरच्या दोघी, आणि हेडमास्तर. हेडमास्तरांना तर हाताला धरून आणलं, मोठी खुर्ची दिली. मिशी आता अर्धी उगवलीय. मी दार लावून घ्यायला निघाले, म्हटलं डोकं दुखतंय, आवाज नको. अप्पांनी माझ्यासाठीही स्टूल मांडून ठेवलं होतं.

स्वतः ते हेडमास्तरांच्या खुर्चीमागे उभे राहिले, रेडिओकडे पाठ, आरशाकडे तोंड. सगळे त्यांना आरशात दिसत होते.

मिशीवर आधी सगळे हसले. मग हसता हसता परीट थांबला आणि त्याने हेडमास्तरांकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं, आणि मग अप्पांकडे. बारक्या, गल्ली इतकीही खुळी नसते. ज्यांना कळलं नव्हतं त्यांना त्या घटकेला कळलं. हेडमास्तर मान खाली घालून बसले, पण शहाणा माणूस, लगेच वर केली. त्यांना कळलं असावं की मान खाली घातली की अप्पांना दिसत नाही.

अप्पा आपले दर थोड्या वेळाने चहावाल्याला विचारत होते, “आलं का? माझं आलं का?” तो बिचारा नाही म्हणून मान हलवत होता. आणि मग तू म्हणालास. अहो दुसऱ्या रांगेतले. पुढचं सगळं म्हणालास.

रेडिओतून एवढं हसू आलं की खुर्चीवरचा कंगवा थरथरला. आणि दुकानात एकही माणूस हसत नव्हता. अप्पांनी आरशात एकेकाचं तोंड बघितलं. चहावाला मान हलवायचं विसरला, त्यावरूनच त्यांना कळलं असेल. छातीवर हात ठेवून म्हणाले, “हे मी. हे मला म्हणाला.” चहावाल्याने उठून रेडिओ बंद केला.

मग अप्पा वळले. आरशातून नाही, अंग वळवून माझ्यासमोर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “काय म्हणाला तो मला? मला ऐकू येत नाही. तू सांग.” तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी मलासुद्धा तोंडाने म्हटलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय करणार होते? सावकाश म्हणाले, “म्हणाला, हे समोर बसलेत ते माझे वडील.”

अप्पांनी हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तर म्हणाले, “हो. हेच म्हणाला.” परटाने मान हलवली. त्या दुसऱ्या सलूनवाल्यानेही हलवली, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अप्पा एवढे खूश झाले म्हणून सांगू. चहावाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला. मग कात्री हातात घेतली, परत खाली ठेवली, आणि जरा वेळाने माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, “पण मग लोक एवढे हसले कशाला?”

मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला. बाकीच्यांनी आपापले कप तोंडाला लावले. काल जेवताना परत विचारलं, आज सकाळी परत. रागाने नाही विचारत, त्यांना खरंच कळत नाहीये, आणि मला वाटतं आता हळूहळू कळायला लागलंय.

लोकांना कशाचं हसू येतं हे तुला कळतं, तुझा धंदाच तो. मी त्यांना काय सांगू ते कळव.

ताई